कागदाच्या आळीबद्दल लिहिलेलं एक वाक्य

कसबा पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन आता तिसरं वर्ष चालू आहे, तरी रोज सकाळी वारज्याहून बस पकडून तिथेच जाते, कारण माझ्या जागी यायला कोणी तयार झालेलं नाही. वाचनालय वरच्या मजल्यावर आहे. जिना लाकडी, उंच पायऱ्यांचा. पहिली काही वर्षं तो मी कसा चढत होते हे आठवत नाही, म्हणजे सहज चढत असणार. हल्ली मध्यावर थांबते, कठडा धरते आणि वर कोणी वाट बघत नाहीये हे ध्यानात घेऊन सावकाश पुढे निघते.

पेठेचा इतिहास हे काही माझं काम नव्हतं, ते गळ्यात पडलं. वाचनालयाची स्मरणिका काढायची ठरली होती. जाहिराती भरपूर जमल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये घालायला मजकूर नव्हता. तेव्हाचे आमचे अध्यक्ष देवघेवीच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही नाहीतरी दिवसभर बसलेल्याच असता. पेठेवर लिहा काहीतरी.’’ त्यांना दोन पानं हवी होती. मी वर्षभर लिहीत राहिले आणि शेवटी स्मरणिका राहिली बाजूला, छोटी पुस्तिकाच निघाली.

त्या वर्षी दर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, मी पेठ पायी फिरले. तांबटांच्या दारात बसले, बुरुडांकडे बसले, कुंभारांच्या घरी जेवले. कोण कुठून आलं, कोणाचं दुकान आधी कुठे होतं, कुठल्या बोळातली विहीर कधी बुजवली, हे सगळं लिहून घेतलं. लोक सांगायचे. ज्यांना कोणी कधी काही विचारलेलं नसतं ते फार व्यवस्थित सांगतात.

राहता राहिली कागदाची आळी. आमच्या पेठेत पूर्वी हातकागद व्हायचा. ते काम करणारी मुसलमान घराणी कित्येक पिढ्या इथे होती. जुन्या दप्तरात त्यांची आडनावं मला सापडली होती, ती मी वहीत उतरवून घेतली. एका घराचा पत्ता मिळाला. मी तिथे दोनदा गेले, एका सोमवारी आणि लगेच दुसऱ्या दिवशी कामावर जाताना. दोन्ही वेळा दाराला कुलूप होतं. समोरच्या चहावाल्याला विचारलं तर तो कपबशा विसळता विसळता म्हणाला, ते लोक गेले. कुठे गेले, किती दिवसांसाठी गेले, हे मी विचारलं नाही. छापखान्याचा तगादा चालू होता. घरी येऊन मी लिहिलं: ‘कागद करणाऱ्या या घराण्यांपैकी पेठेत आज कोणीही उरलेले नाही, उरला आहे तो त्यांचा कागद.’

खरं सांगायचं तर ते वाक्य मला फार आवडलं होतं. लिहून झाल्यावर दोनदा मोठ्याने वाचलं होतं.

पुस्तिका निघाली, प्रकाशनाला खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि महिन्याभरात मी ते सगळं विसरले. वाक्य मात्र चालत राहिलं. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत पेठेवर लेख आला, त्यात ते होतं. महाविद्यालयातल्या मुली प्रकल्प घेऊन आल्या, त्यांच्या वहीत ते होतं. पुढे रविवारी सकाळी लोकांना पेठ दाखवत फिरवायचे हेरिटेज वॉक सुरू झाले, त्यात ते एका बंद दारासमोर उभं राहून म्हटलं जाऊ लागलं. सरतेशेवटी आळीच्या तोंडाशी माहितीची निळी पाटी लागली आणि तिच्यावर खालच्या दोन ओळींत तेच वाक्य, माझंच, स्वल्पविरामासकट. मी ती पाटी जाता-येता वाचायची. कोणी मला पेठेच्या इतिहासकार म्हटलं की नको नको म्हणायची, पण मनातून बरं वाटायचं.

आमच्याकडे एक बाई दर मंगळवारी यायच्या. माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठ्या, अंगाने बारीक, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी त्यांना मावशी म्हणायची, त्या मला बाई. वीस वर्षांहून जास्त काळ त्या सभासद होत्या. आठवड्याला दोन पुस्तकं न्यायच्या, एक प्रवासवर्णन आणि एक रहस्यकथा. प्रवासवर्णन आवडलं नाही तर म्हणायच्या, हा मनुष्य फक्त काय खाल्लं तेच सांगतो. त्यांना कोणतं पुस्तक आवडेल हे मला कपाट उघडण्याआधी कळायचं. बाकी काही मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मंगळवारी दुपारी त्या आल्या आणि त्यांनी टेबलावर माझी पुस्तिका ठेवली. आदल्या आठवड्यात ती त्यांनी स्वतःच शोधून नेली होती आणि मला त्याचा आनंद झाला होता.

मी विचारलं, कशी वाटली.

‘‘चांगली लिहिली आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तांबटांचं तर फारच छान. फक्त आम्ही मेलोय यात.’’

मला कळलं नाही. त्यांनी पान काढून बोट ठेवलं. मग शांतपणे सांगितलं की त्यांच्या नातीने पाटीचा फोटो काढून घरी आणला होता. आजी, हे आपल्याबद्दल आहे का, असं तिने विचारलं. पाटीखाली बारीक अक्षरात पुस्तिकेचं नाव होतं, म्हणून त्यांनी पुस्तिका नेली. त्यांचे वडील त्या आळीतले शेवटचे कागद करणारे. लग्नही नात्यातच झालेलं, त्याच आळीत, त्यामुळे माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच.

त्या गेल्यावर मी त्यांचं सभासद कार्ड काढलं. नाव, आडनाव, पत्ता, सगळं माझ्याच अक्षरात. दप्तरातून उतरवून घेतलेलं तेच आडनाव माझ्या वहीत होतं, आणि ती वही आणि ते कार्ड वर्षानुवर्षं एकाच टेबलाच्या दोन खणांत पडून होतं. दर मंगळवारी मी ते कार्ड हातात घेऊन त्यावर तारखेचा शिक्का मारत होते. त्या दिवशी मी वाचनालय लवकर बंद केलं. थकवा वयाचा असतो असं तोवर मला वाटायचं.

पुढच्या सोमवारी त्यांच्या घरी गेले. तेच घर. दार उघडं होतं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी, कोपऱ्यात शिवणयंत्र. मुलगा नोकरीला वाघोलीच्या बाजूला, सकाळी जाऊन अंधार पडल्यावर यायचा. सून शाळेत शिकवायची. घरात त्या एकट्याच होत्या. मी माफी मागायचं ठरवून गेले होते, पण त्यांनी आधी चहा टाकला.

मी दोनदा आले होते आणि कुलूप होतं, असं मी सांगितलं. ते सांगताना मला माझीच लाज वाटली.

त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘जुन्नरला भाचीचं लग्न होतं तेव्हा. चौथ्या दिवशी परत आलो आम्ही.’’

एवढंच. त्यावर त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. मला वाटतं, रागावल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

त्या दिवशी आणि त्यानंतरच्या बऱ्याच सोमवारी मी त्यांच्याकडे बसले. त्या सांगायच्या, मी लिहायची. वडील चिंध्या आणि जुनी तागाची पोती भिजत घालायचे, ती कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. हौदात लगदा ढवळून त्यात गवताच्या काड्यांची चटई बुडवून वर उचलायची की तिच्यावर ओला कागद यायचा. तो भिंतीला चिकटवून वाळवायचा. मग खळ लावून पुन्हा वाळवायचा आणि शेवटी लाकडी फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटायचं काम बायकापोरींचं. सहाव्या-सातव्या वर्षापासून त्या घोटत होत्या. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. वीस वर्षं पुस्तकं देता-घेता तो अंगठा मी पाहिला होता आणि संधिवात समजले होते.

पत्रिका करणारे जोशी वडिलांकडून कागद न्यायचे, हे त्यांनी मला फार मजेने सांगितलं. शाई फुटत नाही म्हणून. ‘‘अर्ध्या पेठेचं नशीब आमच्या कागदावर लिहिलंय,’’ असं वडील म्हणायचे म्हणे. पुढे गिरणीचा कागद आला, जोशी छापील पत्रिका वापरायला लागले, आणि एका उन्हाळ्यात वडिलांनी स्वतःच हौद फोडून अंगण सारखं करून घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून एका छापखान्यात कामाला जाऊ लागले. ‘‘गेलो कुठे नाही आम्ही,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘काम गेलं. आम्ही इथेच होतो.’’

मी ठरवलं की ते वाक्य दुरुस्त करायचं. लिहायला दोन मिनिटं लागली होती. दुरुस्त करायला एवढा वेळ लागेल असं वाटलं नव्हतं.

आधी पाटी. ती ज्या कार्यालयाने लावली होती तिथे मी अर्ज घेऊन गेले. तिथल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, फाइल काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, छापील आधार काय आहे. मी म्हटलं, ते कुटुंब तिथे राहतंय, हाच आधार, तुम्ही माझ्याबरोबर चला, दहा मिनिटांवर आहे. ते म्हणाले, तसं चालत नाही, छापील संदर्भ लागतो. मग फाइलमधला कागद माझ्याकडे वळवून म्हणाले, ‘‘हे बघा, सध्याच्या मजकुराला छापील आधार आहे. ही पुस्तिका.’’

मी म्हटलं, ती मीच लिहिली आहे.

‘‘मग तुम्हीच असं कसं लिहिलंत?’’ त्यांनी विचारलं. मी अर्ज ठेवून आले.

हेरिटेज वॉक नेणारी मुलगी फार गुणी होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, वहीत टिपून घेतलं. पुढच्या रविवारी मी घोळक्याच्या मागे उभी राहिले तर तिने तेच वाक्य म्हटलं. नंतर माझ्याकडे येऊन ओशाळून म्हणाली, ‘‘मॅम, सॉरी, ते इतकं पाठ झालंय ना. आणि लोकांना तो मोमेंट खूप टच होतो.’’ पुढच्या वेळी बदलते म्हणाली. बदललं असेलही. मी पुन्हा गेले नाही. दगडी फरशीवर तासभर उभं राहणं मला आता झेपत नाही.

वर्तमानपत्रात फोन केला तर तो लेख लिहिणाऱ्याने नोकरी सोडली होती.

मग जे आपल्या हातात आहे ते करावं म्हणून मी शुद्धिपत्र लिहिलं. चार ओळींचं. त्याच्या प्रती काढल्या आणि वाचनालयात शिल्लक असलेल्या प्रत्येक पुस्तिकेत त्या पानावर चिकटवल्या. कपाटाच्या मागे, माळ्यावर, जिन्याखालच्या पेटीत, जिथे जिथे गठ्ठे सापडले तिथून काढून. खळ घरीच केली, मैद्याची, थोडा मोरचूद घालून, म्हणजे कसर लागणार नाही. नवे अध्यक्ष एका दुपारी वर आले आणि मला जमिनीवर बसलेलं पाहून थांबले. संस्थेची चूक संस्थेनेच का मिरवायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. संस्थेची नाही, माझी आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘आता वाचतंय कोण ते?’’ हे त्यांनी माझं समाधान करायला म्हटलं होतं.

मावशी मंगळवारी आल्या तेव्हा त्यांना शुद्धिपत्र दाखवलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, चिकटवलेल्या कडेवरून वाकडा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, खळ जरा जाड झाली.

पाटीच्या अर्जाचं काही होईना. मी तीन-चार वेळा खेटे घातले. दर वेळी टेबलापलीकडे दुसरं कोणी असायचं आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. एकदा सांगता सांगता मध्येच मला वाटलं की आपण दुसऱ्याच कोणाची तक्रार सांगतो आहोत. त्यानंतर वर्षभर मी गेले नाही.

दरम्यान त्यांच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. आळीतली तीन घरं मिळून पाडायची होती. मावशींच्या मुलाने वाघोलीला आधीच फ्लॅट घेतला होता, त्याच्या कामाला जवळ म्हणून. पेठेतली जागा सोडून द्यायची असं घरात ठरलं. परत येऊन राहण्यात कोणाला रस नव्हता. मावशींना विचारलं होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, विचारलं होतं, मीच हो म्हटलं. गुडघे दोघींचेही सारखेच. तिकडे लिफ्ट होती.

शेवटच्या मंगळवारी त्या सभासदत्व रद्द करायला आल्या. पुस्तकं परत केली. मी कार्डावर शेवटची तारीख घातली. तिकडे वाचनालय आहे का ते विचारलं. नाही म्हणाल्या. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

‘‘बाई, आता पाटीच्या मागे लागू नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमचं खरं झालंय आता.’’

जिन्याच्या तोंडापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. खाली उतरेपर्यंत त्यांनी दोनदा वर पाहिलं आणि कठडा धरून सावकाश गेल्या. मी परत येऊन टेबलाशी बसले. एक सभासद दिवाळी अंक आले का विचारायला आला होता. त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण कार्यालयांचा वेग वेगळा असतो. त्या गेल्यावर पाच-सहा महिन्यांनी मला पत्र आलं. विषय: माहितीफलकावरील मजकुराची दुरुस्ती. अर्ज मान्य झाला होता. छापील आधार म्हणून माझं शुद्धिपत्र जोडलं होतं. कोणीतरी ते पुस्तिकेतून शोधून काढलं होतं. पंधरा दिवसांत नवी पाटी लागली, तिच्यावर माझ्या शुद्धिपत्रातलं वाक्य: ‘कागद करणाऱ्या घराण्याचे वंशज आजही याच आळीत वास्तव्यास आहेत.’ पाटीमागे पत्र्याचं उंच कुंपण होतं आणि कुंपणाआड खड्डा खणायचं यंत्र चालू होतं.

मी दोन वाक्यं लिहिली, दोन्ही आपापल्या वेळी खोटी. पुन्हा अर्ज करायचं त्राण माझ्यात नव्हतं आणि आजही नाही. ती पाटी तशीच आहे. कोणी विचारलं तर सांगते. फारसं कोणी विचारत नाही.

मावशींना मी हे फोनवर कळवलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सुनेने फोन घेतला आणि मला विचारलं, काय सांगितलंत हो त्यांना.

आता महिन्यातून एका सोमवारी मी वाघोलीला जाते. वारज्याहून दोन बस बदलून पावणेदोन तास लागतात, नगर रस्त्याला गाड्या अडकल्या तर त्याहून जास्त. नियमात बसत नाही, तरी माझ्या नावावर दोन पुस्तकं काढून नेते. त्यांची दृष्टी कमी झाली आहे, म्हणून प्रवासवर्णनातली पंधरा-वीस पानं मीच वाचून दाखवते. रहस्यकथा त्या भिंग घेऊन स्वतः वाचतात. शेवट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

वाचून झालं की त्या सांगतात आणि मी लिहून घेते. सगळंच कागदाबद्दल नसतं. गेल्या खेपेला त्यांनी आईबद्दल सांगितलं. घोटताना हात सारखे पडावेत म्हणून आई गाणं म्हणायची आणि मुलींना त्या तालावर दगड फिरवावा लागायचा. गाणं कोणतं ते मावशींना आठवेना. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर उशी घेतली आणि तिच्यावर उजवा हात पुढे-मागे फिरवायला लागल्या, हाताला आठवतंय का बघायला. मी पेन खाली ठेवून थांबले. गॅलरीखाली मुलं सायकली चालवत होती. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, चाल येते आहे, शब्द येत नाहीत.

मी म्हटलं, चाल गुणगुणा, तेवढीच लिहिते. मला स्वरलिपी येत नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्यांनी गुणगुणली. मी वहीत लिहिलं: ‘चाल आठवते. शब्द नाहीत.’ पुढे तारीख घातली. पाचच्या बसला गर्दी होते म्हणून चार वाजता निघाले.